दरवाजा निळा की हिरवा?

घरातला माळा आवरताना किंवा जुनी ट्रंक उपसताना पुठ्ठ्याच्या लहान लहान चौकोनी चौकटी तुमच्या हाती कधी लागल्या आहेत काय? प्रत्येक बाजू पाच सेंटिमीटर, मधोमध एक आयताकृती खिडकी आणि त्या खिडकीत फिल्मचा तुकडा. उजेडाकडे धरला की त्यात एक इवलेसे रंगीत चित्र दिसते. हीच स्लाइड किंवा पारदर्शिका. प्रक्षेपकात घालून ती पांढऱ्या पडद्यावर मोठी करून पाहत असत.

अशा २९ स्लाइड माझ्या थोरल्या मामांकडे होत्या. माझे आजोळ शेवगाव तालुक्यातले, गोदाकाठचे. ते गाव आज नकाशात त्या जागी नाही. पैठणजवळच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्या धरणाच्या नाथसागरात आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील शेवगाव आणि नेवासे तालुक्यांतली बरीच गावे गेली. आमचे गाव त्यांतलेच. मामा तेव्हा मुंबईत ब्लॉक करण्याच्या कारखान्यात नोकरीला होते. त्या काळी मासिकांची रंगीत चित्रे छापण्यासाठी छायाचित्राच्या कागदी प्रतीपेक्षा पारदर्शिका अधिक पसंत करीत. त्यामुळे मामांना एक रंगीत रीळ मिळवता आले. गाव उठणार हे कळल्यावर १९७४ च्या उन्हाळ्यात ते गावी आले आणि त्यांनी वाडा, वेस, घाट, तुळशीवृंदावन असे सारे टिपून ठेवले. त्या गावाची दुसरी रंगीत चित्रे आमच्या कुटुंबात कोणाकडेही नाहीत.

पन्नास वर्षांनी त्या स्लाइड बाहेर काढल्या तेव्हा सगळे गाव लालसर, किरमिजी झालेले होते. आकाश गुलाबी, कडुनिंब तांबूस. मी एका दुकानात त्या संगणकावर उतरवून घेतल्या. दुकानदाराने यंत्राची ‘आपोआप रंगसुधारणा’ वापरली होती. चित्रातली लाली गेली खरी, पण वाड्याचा मोठा दरवाजा निळसर दिसू लागला. आईला फार आनंद झाला. “बघ दादा, मी म्हणत होते ना, निळाच होता!” मामा ठाम होते. “अगं, हिरवा होता. अण्णांनी माझ्यादेखत रंग दिलेला. तुला काय आठवतंय?” दोघेही सत्तरी ओलांडलेले, दोघेही त्याच दारातून हजारदा आत-बाहेर केलेले. मी पडलो भौतिकशास्त्राचा मास्तर! दरवाजाचा रंग मोजून काढता येईल काय, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. त्या मोजणीचीच ही हकिकत.

आधी स्लाइडमध्ये रंग येतो कसा, ते पाहू या. उजेड काचेतून पाठवून पडद्यावर चित्र उमटवण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने असे खेळ सुरू केले. त्यांतली चित्रे काचेवर हाताने रंगवलेली असत. छायाचित्रात मात्र रंग उजेडानेच भरावा लागतो. त्याची किल्ली मॅक्सवेल यांना सापडली होती. १८६१ साली लंडनमध्ये त्यांनी लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून घेतलेली एकाच वस्तूची तीन छायाचित्रे त्याच रंगांच्या उजेडात पडद्यावर एकमेकांवर पाडली आणि रंगीत चित्र मिळवून दाखवले. अवघे तीन रंग पुरतात.

रंगीत फिल्मवर पायसाचे मुख्यतः तीन थर एकावर एक असतात. एक निळ्या उजेडाची नोंद घेतो, दुसरा हिरव्याची, तिसरा लालची. पहिल्या रासायनिक धुलाईत नेहमीसारखे चांदीचे काळे ऋणचित्र तयार होते. गंमत पुढे आहे. ज्या रजतक्षारांवर उजेड पडला नव्हता, ते आता दुसऱ्या धुलाईत विकसित करतात आणि त्या क्रियेत प्रत्येक थरात एकेक रंजक द्रव्य तयार होते: पहिल्यात पिवळे, दुसऱ्यात किरमिजी, तिसऱ्यात निळसर हिरवे. या तिसऱ्याला सायन म्हणतात. शेवटी सगळी चांदी धुऊन काढतात. म्हणजे स्लाइडमध्ये चांदीचा कणही राहत नाही. राहतात ती फक्त तीन रंजके. पिवळे रंजक निळा उजेड अडवते, किरमिजी हिरवा अडवते आणि सायन लाल अडवते. तिन्ही भरपूर असतील तिथे काळे दिसते, एकही नसेल तिथे पांढरे.

कृष्णधवल ऋणचित्रातली चांदी नीट धुतलेली असेल तर दीर्घकाळ टिकते. रंजके ही सेंद्रिय संयुगे आहेत. उष्णतेने आणि दमट हवेने ती अंधाऱ्या पेटीतसुद्धा हळूहळू मोडतात. तिघांचा वेगही सारखा नसतो. त्या काळच्या पुष्कळ फिल्ममध्ये सायन सर्वांत आधी विरते. १९३५ साली आलेली कोडाक्रोम फिल्म अंधारात फार टिकाऊ, पण प्रक्षेपकाच्या झगझगीत दिव्यात तिचे रंग लवकर उडत. (ती ज्या दोघांनी शोधली ते मॅन्स आणि गोडाव्स्की व्यवसायाने संगीतकार होते! संगीत शिकणाऱ्यांनी विज्ञानाला घाबरण्याचे कारण नाही.)

आता आमच्या स्लाइड लाल का झाल्या, ते तुमच्या ध्यानात आले असेल. लाल उजेड अडवणारा पहारेकरीच अर्धवट पळून गेला होता.

येथेच एक युक्तिवाद करता येतो, त्याला गणिताचीही गरज नाही. हिरवा रंग स्लाइडमध्ये सायन आणि पिवळे मिळून होतो. निळा रंग सायन आणि किरमिजी मिळून होतो. दोन्हींतून सायन कमी केले तर काय उरेल? हिरव्या दरवाजातून पिवळट करडा उरेल, निळ्या दरवाजातून जांभळट गुलाबी. मूळ स्लाइड भिंगाखाली धरून पाहिली. दरवाजा मळकट पिवळा, जवळजवळ मातकट होता. कौल मामांच्या बाजूने! पण आई एवढ्यावर थोडीच ऐकणार? आकडे हवे होते, आणि त्यासाठी स्लाइड घरीच नीट उतरवायला हवी होती.

उतरवणे म्हणजे स्लाइडच्या मागून एकसारखा पांढरा उजेड सोडून पुढून तिचे छायाचित्र घ्यायचे. आधी किती बारकाईने घ्यायचे ते ठरवू. स्लाइडचे चित्र ३६ मिमी × २४ मिमी असते. हातात कॅमेरा धरून काढलेल्या चित्रात एका मिलिमीटरमध्ये काळ्या-पांढऱ्या रेषांच्या ५० जोड्या उमटल्या तरी ते उत्तम समजावे. प्रत्येक जोडीसाठी निदान दोन पिक्सेल हवेत, एक काळ्या रेषेला आणि एक पांढऱ्या. म्हणजे एका मिलिमीटरला १००, आणि सबंध चित्राला ३६०० × २४००, सुमारे ८६ लाख पिक्सेल. स्कॅनरच्या भाषेत हे इंचाला २५४० ठिपके होतात. याहून मोठे आकडे जाहिरातीत दिसले तर भुलू नका. स्लाइडमध्ये जे नाही ते कोठून येणार?

मोबाइलने हे साधेल काय? बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा १० सेंमीहून जवळचे स्पष्ट पाहू शकत नाही आणि तेवढ्या अंतरावर त्याला सुमारे १४ सेंमी रुंदीचा भाग दिसतो. स्लाइड त्याच्या पावपट. चित्र ४००० पिक्सेल रुंद असले तरी स्लाइडच्या वाट्याला जेमतेम हजार येतात. मोबाइलच्या भिंगापुढे ५ सेंमी नाभीय अंतराचे बहिर्गोल भिंग धरा आणि स्लाइड त्या भिंगाच्या नाभीवर, म्हणजे ५ सेंमीवर ठेवा. नाभीवरून निघालेले किरण भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतात, म्हणून मोबाइलला वाटते की वस्तू अनंत अंतरावर आहे, आणि तो ती आरामात पाहतो. आता सुमारे २००० पिक्सेल मिळतात. घरच्यांना दाखवण्यापुरते हे छान आहे. मात्र चित्राचे कोपरे थोडे अस्पष्ट होतात. शाळेतल्या साध्या भिंगाकडून त्याहून अधिक अपेक्षा करू नये.

मी महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्याचा जुना कॅमेरा आणि ५० मिमीचे भिंग घेतले. त्याचा प्रकाशग्राही पट्टाही ३६ × २४ मिमीचाच आहे, म्हणजे वस्तू आणि प्रतिमा एकाच आकाराच्या हव्यात, विशालन १. भिंगाच्या सूत्रावरून (चिन्हे बाजूला ठेवा) हे तेव्हाच घडते, जेव्हा वस्तू आणि प्रतिमा दोन्ही भिंगापासून नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर असतात. येथे ते १०० मिमी. भिंग नेहमीपेक्षा ५० मिमी पुढे सरकवायला हवे, म्हणून कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये तेवढ्या लांबीच्या पोकळ नळ्या बसवल्या.

पहिल्या दिवशी माझी चूक झाली, ती सांगतो. स्लाइड उष्णतेने थोडी फुगलेली होती. मध्यभाग आणि कडा एकदम स्पष्ट येईनात. भिंगाचे छिद्र लहान केले की स्पष्टतेची खोली वाढते, हे आपण शिकवतोच. मी ते एकदम एफ २२ वर नेले. सगळेच चित्र धुकट आले. कारण विवर्तन! जवळून चित्र घेताना भिंग पट्ट्यापासून दुप्पट दूर जाते, म्हणून एफ २२ चे परिणामी एफ ४४ होते. त्या छिद्रातून हिरव्या उजेडाचे दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात सुमारे ०·०३ मिमी अंतर लागते, तीन पिक्सेलांइतके. एफ ८ ठेवले तर हेच अंतर सुमारे ०·०११ मिमी, जवळजवळ एक पिक्सेल. मुकाट्याने एफ ८ वर आलो आणि फुगीर स्लाइड दोन दिवस जड पुस्तकाखाली ठेवून सपाट केल्या. (काचेच्या चौकटीत बसवलेल्या स्लाइडला असे करू नका. आणि त्या काचेवर इंद्रधनुषी वेटोळी दिसली तर ती बुरशी नव्हे. काच आणि फिल्म यांमधल्या हवेच्या पातळ थराने घडवलेली ती न्यूटनची कडी आहेत.) धूळ रबरी फुग्याच्या हवेने उडवावी. पाण्याचा बोळा कधीही फिरवू नये. पायस जिलेटिनचे असते, ते फुगते आणि बुरशी लागलेल्या जागी तर सरळ निघून येते.

आता मोजणी. उजेड किती अडला हे सांगायला छायाचित्रकार घनता नावाची राशी वापरतात. दहावा भाग पलीकडे गेला तर घनता १, शंभरावा गेला तर २, हजारावा गेला तर ३. म्हणजेच उजेड जितके पट कमी झाला त्या संख्येचा लॉगरिथम. ही राशी मोठी सोयीची आहे, कारण बिअर आणि लॅम्बर्ट यांच्या नियमाप्रमाणे ती रंजकाच्या प्रमाणाशी समप्रमाणात असते. रंजक ६० टक्के उरले तर घनताही ६० टक्के उरते.

यावरून दुकानातल्या यंत्राची चूक उघड होते. त्याने चित्रातला लाल उजेड सगळीकडे सारख्याच पटीने कमी केला. उजेडाला एका संख्येने भागणे म्हणजे घनतेत एक ठरावीक आकडा मिळवणे. पण विरण्याची क्रिया बेरजेची नाही, गुणाकाराची आहे! चुन्याच्या पांढऱ्या भिंतीत सायन मुळातच नाममात्र होते, तेथून काय उडणार? तेथेही यंत्राने लाल कमी केला, म्हणून भिंत निळसर झाली आणि तिच्याबरोबर दरवाजाही. खरे म्हणजे लाल उजेडाच्या घनतेला एका संख्येने गुणायला हवे. ती संख्या कोणती?

ती स्लाइडच्याच कडेला लिहिलेली असते. पुठ्ठ्याच्या चौकटीखाली झाकलेल्या भागावर, दोन चित्रांमधल्या पट्टीवर, उजेड कधीच पडलेला नसतो. तेथे तिन्ही रंजके पूर्ण भरलेली असतात आणि नव्या फिल्ममध्ये तो भाग जवळजवळ शुद्ध काळा असतो. मामांची एक हललेली, निकामी स्लाइड चौकटीतून काढली. तिची कड काळी नव्हती. गडद तांबडी होती.

घनता मोजायला वेगळे यंत्र लागत नाही, कॅमेऱ्याचा शटरच पुरतो. छिद्र, संवेदनशीलता आणि पांढऱ्याचा समतोल कायम ठेवा. आधी नुसत्या उजेडाचे, स्लाइड न ठेवता, १/४०० सेकंदाचे चित्र घ्या आणि संगणकावर त्याचे लाल, हिरवे, निळे आकडे टिपा. मग फक्त काळी कड उघडी राहील असा काळा कागद लावून तिची चित्रे वाढत्या वेळेची घ्या. ज्या वेळेला लालचा आकडा पहिल्याइतका येईल, ती वेळ भागिले १/४०० सेकंद म्हणजे लाल उजेड किती पट अडला ते. तसेच हिरव्याचे आणि निळ्याचे.

सुरुवातीला माझे आकडे दर वेळी निरनिराळे येत. तासभर डोके खाजवल्यावर दोष दिव्याचा आहे हे उमजले. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ, म्हणून साधा एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होऊ शकतो. १/४०० सेकंदाच्या चित्रात त्याची कोणती अवस्था सापडेल याचा नेम नाही. शेवटी दुपारी गच्चीवर गेलो, स्वच्छ उन्हात पांढरा कागद ठेवला आणि त्याच्या उजेडात स्लाइड धरली. सूर्याचा वर्णपट अखंड, आणि त्याला भारनियमनही नाही.

हिरव्यासाठी १·६ सेकंद लागले, म्हणजे ६४० पट, घनता २·८. निळ्यासाठी १ सेकंद, ४०० पट, घनता २·६. आणि लालसाठी केवळ १/८ सेकंद: ५० पट, घनता १·७. किरमिजी रंजक फारसे विरले नाही असे धरले आणि मुळात तिन्ही घनता सारख्या होत्या असे मानले, तर सायन सुमारे ६० टक्केच उरले होते. लाल घनतेला २·८ भागिले १·७, म्हणजे १·६५ ने गुणायचे. निळ्या घनतेला १·०८ ने.

आता दरवाजा. याच पद्धतीने त्याच्या घनता आल्या लाल ०·५, हिरवी ०·५५, निळी १·१. म्हणजे लाल उजेड ३२ टक्के, हिरवा २८ टक्के आणि निळा ८ टक्के पलीकडे येत होता. लाल आणि हिरवा जवळपास सारखे, निळा थोडा: हाच तो मळकट पिवळा. गुणाकार केल्यावर लाल घनता ०·८३ आणि निळी १·१९ झाली, हिरवी तशीच. म्हणजे लाल १५ टक्के, हिरवा २८ टक्के, निळा ६·५ टक्के. स्वच्छ हिरवा! पडताळा म्हणून भिंत पाहिली. तिची लाल घनता ०·१ होती, ती ०·१७ झाली. भिंत पांढरीच राहिली.

दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. खरी रंजके आदर्श नसतात. सायन थोडा हिरवा उजेडही अडवते, म्हणून या आकड्यांत काही टक्क्यांची चूक असणारच. आणि रंजक जेथे साफ उडाले असेल तेथे शून्याला कितीनेही गुणले तरी शून्यच. म्हणून घाई करायची ती यासाठी. मूळ स्लाइडही फेकू नयेत. उतरवल्यावर पुन्हा कोरड्या, थंड जागी ठेवाव्यात. ३६०० × २४०० चे एक पूर्ण चित्र सुमारे २६ मेगाबाइटचे होते. २९ चित्रांचे मिळून एक गिगाबाइटही होत नाही, तेव्हा दोन-तीन ठिकाणी प्रती ठेवायला काहीच अडचण नसावी.

रविवारी दोघांना संगणकासमोर बसवले. मामांनी नुसती मान हलवली. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “त्याआधी निळा असंल.” असेलही. १९७४ च्या आधीचे या स्लाइडला विचारता येत नाही. मग तिने पडद्यावर बोट ठेवले. दरवाजाच्या सावलीत आजी उभी होती, नऊवारी लुगड्यात, अर्धी चौकटीबाहेर. तिच्या लुगड्याचा रंग कोणता, यावर दोघांपैकी कोणालाच काही आठवेना. सावलीतल्या त्या भागात लाल घनता फार थोडी उरली आहे. येत्या सुट्टीत, ऊन स्वच्छ पडले की, जास्त वेळेची चित्रे घेऊन ती मोजायची आहे.